कुलूपवालीने सोडलेल्या वस्तू, एका ट्रंकेसकट

मी, कुलूपवाली, वय चोपन्न, शिक्षण चौथीपर्यंत, धंदा कुलपं दुरुस्त करणे व चाव्या बनवणे, देवाला आणि खाली सही करणाऱ्या दोघांना साक्षी ठेवून लिहून देते की माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, गोड बोलून गुंडाळलेलं नाही, आणि तशी कोणाची हिंमतही नाही. याच्याआधी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण वेळ नव्हता. वेळ आताही नाही, पण सोमवारी डॉक्टर माझं पोट उघडणार आहेत.

पोटात खडे झालेत. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मी विचारलं, "उघडाल ते ठीक. बंद नीट करता येतं ना?" ते म्हणाले, "रोज करतो, आजी." आजी म्हणाल्याबद्दल त्यांना या कागदातून काही देणार नव्हते. पण खडे त्यांनीच ठेवून घ्यावेत, एवढं लिहून ठेवते.

माझ्या दुकानासमोर एक गृहस्थ टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतात. ते म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा, मी शुद्ध भाषेत उतरवतो." त्यांनी उतरवलेलं वाचलं तर कोणीतरी सरकारी बाई मेल्यासारखी वाटली. म्हणून स्वतःच्या हाताने लिहिते. 'स्थावर' आणि 'जंगम' हे दोन शब्द तेवढे त्यांचे ठेवलेत, कारण पैसे दिलेत.

कलमं सुरू करण्याआधी घरात वस्तू इतक्या कमी का, ते सांगते. नाहीतर मुलगा म्हणेल चोरी झाली.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या चर्चचे पाळकसाहेब उपदेशात म्हणाले की या वेळी पोटाने उपवास करू नका, कपाटाने करा. चाळीस दिवस रोज एक वस्तू घराबाहेर काढा. फाटकीतुटकी नको, जिची आठवण येईल अशी. मग साठवलेल्या धनाला लागणारी कीड आणि गंज यावर बोलले. गंजाचं मला कोणी सांगायला नको, तीस वर्षं गंजावरच पोट भरलंय. पण बाकीचं पटलं. अख्खं आयुष्य मी लोकांना वस्तू कोंडून ठेवायला मदत केली. लोक चावी हरवून घाबरेघुबरे येतात, मी जाऊन कपाट उघडते, आणि आत काय असतं? जुने बूट आणि मागच्या घराची चावी.

तर मी सुरुवात केली आणि नऊ दिवसांत घर रिकामं केलं. दहाव्या दिवशी पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं, झालं म्हणून.

"काय झालं?"

"चाळीस दिवसांचं काम."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, ही शर्यत नव्हती. रोज एक वस्तू द्यायची, आणि देताना थोडा वेळ गप्प बसून प्रार्थना करायची."

"प्रार्थना करत बसले असते तर कपाट जिन्यावरून कोणी उतरवलं असतं?"

"आणि सुटलं का काही?"

"कपाट सुटलं."

"मनातून म्हणतोय मी."

"मनात नव्हतंच ते. भिंतीला होतं."

त्यांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, "उरलेले एकतीस दिवस तुम्ही वस्तू काढू नका. जी वस्तू काढली नाहीत तिच्याकडे बघत बसा."

या बोलण्याचा मला राग आला. का आला ते पुढे येईल. एक मात्र कबूल करते. भिंतीवरचं घड्याळ दिल्यापासून मी दिवसातून दहा वेळा रिकाम्या खिळ्याकडे वेळ बघते. वेळ कळत नाही, म्हणून उशीर झालाय हेही कळत नाही, आणि घाई जरा कमी झालीय. हे पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही. त्यांना फार आनंद होईल.

कलम एक. माझी स्थावर मालमत्ता म्हणजे दुकानाच्या वरच्या दोन खोल्या आणि बाहेरचा लोखंडी जिना. खोल्या मुलाला द्याव्यात. अट एकच, की दाराचं कुलूप बदलायचं नाही. ते त्याच्या बापाने बनवलेलं शेवटचं कुलूप आहे. मुलगा विमा विकतो, म्हणजे लोकांचं काय काय हरवू शकतं हे समजावून सांगतो. स्वतः आजवर घराच्या एकवीस चाव्या हरवल्यात. बाविसावी सूनबाईच्या गळ्यात घालावी. त्याला देऊ नये.

कलम दोन. बँकेत आहे त्यातून दवाखाना भागवावा आणि माझं दफन करावं. उरेल ते पाळकसाहेबांनी ज्यांना लावायला दारच नाही अशांवर खर्च करावं. तीस वर्षांत त्या लोकांना माझा काडीचा उपयोग झाला नाही.

दफनाची पेटी साध्या लाकडाची असावी. तिला कडी, कोयंडा, कुलूप, काहीही लावू नये. शेवटच्या दिवशी प्रभू हाक मारील तेव्हा सगळे उठून चालू लागलेत आणि मी आतून कडी शोधतेय, असं व्हायला नको.

कलम तीन. दुकान, बाक, बाकाला ठोकलेला शिकंजा, सगळ्या कानशी, कोऱ्या चाव्यांचे डबे आणि वाकड्या तारांचं चामडी पाकीट, हे सर्व सूनबाईला.

मुलाला वाईट वाटेल. वाटू दे. त्याला डब्याचं झाकण उघडत नाही. सूनबाई पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी आत चहा टाकत होते. बाहेर आले तर गल्ल्याचं कुलूप उघडून तिच्या हातात. आठ वर्षं अडकून चालायचं ते.

"तुला कोणी सांगितलं हात लावायला?" मी म्हटलं.

"कोणी नाही. पण आई, याचा आवाज वेगळा येत होता. आत कचरा होता."

आवाज ऐकू येणं शिकवता येत नाही. बाकी सगळं शिकवता येतं. ती माझ्याशी भांडते पण कुलपाशी भांडत नाही, कारागिराचं हेच खरं. फक्त तिने विचारल्याशिवाय हात लावला, म्हणून दोन नियम इथे लिहिते. हे माझ्या नवऱ्याचे नियम आहेत. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात त्याने ते मला बाकावर बसवून शिकवले. माणूस बोलायचा कमी. मी त्याच्या वाटचंही बोलले.

पहिला नियम. ज्याचं कुलूप त्याच्या तोंडून 'उघड' ऐकल्याशिवाय तार लावायची नाही. समोर आग लागली असेल तर विचारताना पळत विचारायचं.

दुसरा नियम. कुलूप उघडं टांगायचं नाही. दुरुस्त झालं की दाबायचं, खट्ट ऐकायचं, मगच खिळ्याला लावायचं. उघडं कुलूप म्हणजे अर्धं काम.

दुसरा नियम माझ्या हाडात इतका गेलाय की मला उघडं कुलूप बघवत नाही. लोकांच्या घरी पाहुणी गेले तरी मी त्यांच्या फडताळाचं कुलूप दाबून येते. एकदा चर्चमध्ये दानपेटीचं कुलूप नुसतं लटकत होतं. उपदेश चालू होता. मी पहिला अर्धा तास कळ काढली, मग उठले, सगळ्या मंडळीच्या समोरून चालत गेले, दाबलं, आणि परत येऊन बसले. पेटीची चावी कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं असं मागून कळलं. दुपारी मीच जाऊन उघडलं. परवानगी घेऊन.

कलम चार. समोरच्या अर्ज लिहिणाऱ्यांना दुकानाची मोठी छत्री. तशीही ते वर्षभर तिच्याखालीच बसतात.

कलम पाच. पाळकसाहेबांना माझा लोकरीचा कोट. 'हा दुसऱ्या दिवशी कोणाला देऊन टाकू नये' अशी अट आधी घातली होती. ती काढते. ते देणारच. निदान थंडी सरेपर्यंत थांबावं.

कलम सहा. शेजारचे शिंपीभाऊ. यांना काही नाही. हे लिहायचं चुकून राहिलेलं नाही, मुद्दाम आहे. सहा वर्षांपूर्वी यांनी माझी शिडी नेली. आठ पायऱ्यांची नेली, सात पायऱ्यांची परत आणली. विचारलं तर म्हणाले, "वहिनी, तिला सातच होत्या." तेव्हापासून दर महिन्याला विचारते आणि दर महिन्याला सातच होत्या. शिडी मी चौथ्या दिवशी देऊन टाकली, पण आठवी पायरी अजून त्यांच्याकडे आहे असं मी मानते.

कलम सात. पत्र्याची ट्रंक.

ही माझ्या आईची. आई गेली त्याला चौदा वर्षं झाली. जाण्याआधी दोन दिवस तिने आम्हा दोघी बहिणींना पलंगाशी बोलावलं. मला म्हणाली, "ट्रंक मोठीची." गळ्यातली चावी काढून धाकटीच्या हातात दिली. "चावी धाकटीची. मिळून उघडा." तिला वाटलं असेल की असं केल्याने आम्ही एकत्र राहू. आईला दोन मुली होत्या पण मुलींचा अंदाज नव्हता.

धाकटीचं म्हणणं, आत आईच्या दोन सोन्याच्या बांगड्या आहेत. शेवटच्या आजारात त्या आईच्या हातात नव्हत्या, हे खरं. दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडायला बसलो. धाकटीने चावी हातात धरली आणि म्हणाली, "चावीची काय गरज म्हणा. ताई कुलूपवाली. तिने कधीच उघडून बघितली असेल."

हे ती हसत म्हणाली की नाही यावर वाद आहे. माझ्या मते नाही.

ज्याला आमचा धंदा माहीत नाही त्याला हे वाक्य लहान वाटेल. आम्ही गावभरच्या दारांसमोर उभं राहतो आणि लोक आम्हाला आत घेतात, ते एवढ्याच एका गोष्टीवर की विचारल्याशिवाय तार लावत नाही. ते काढून घेतलं तर उरतो तो चोर, हातात पिशवी असलेला. आणि हे कोण म्हणालं, तर जिला मी काखेत घेऊन वाढवलं ती.

मी उठले. म्हटलं, "आजपासून या कुलपाला माझं बोट लागणार नाही. तू येऊन हात जोडेपर्यंत नाही." ती म्हणाली, "मग बस वाट बघत." चावी घेऊन गेली. तिसऱ्या गल्लीत राहते, पाव भाजते. चर्चमध्ये डावीकडे तिसऱ्या बाकावर बसते. मी उजवीकडे. चौदा वर्षं.

आणि मी शब्द पाळला. ट्रंकेवर चादर टाकली आणि ती पलंगाखाली सरकवली. सरकवतानाही चादरीवरून, बाजूच्या कड्यांना धरून. घराला रंग दिला तेव्हा हमालाला सांगितलं, चादर हलली तर मजुरी नाही. मी अर्ध्या मिनिटात उघडलं असतं ते कुलूप. केसातल्या आकड्याने. नाही उघडलं. नऊ दिवसांत अख्खं घर रिकामं केलं, ती ट्रंक तिथेच राहिली, आणि पाळकसाहेबांनी ती बघितली नसतानाही तिच्याकडेच बघायला सांगितलं. म्हणून राग आला.

तर या ट्रंकेबद्दल मी आधी असं लिहिलं होतं: 'सदर ट्रंक न उघडता, चादरीसकट, माझ्याबरोबर पुरावी. बहिणीला काहीही नाही.'

हे मृत्युपत्र अंमलात आणण्याचं काम पाळकसाहेबांवर आहे, म्हणून बुधवारी त्यांना वाचायला दिलं. पेटीला कडी नको तिथे ते हसले. कोटाशी पुन्हा हसले. सातव्या कलमाशी थांबले.

"बाई, घड्याळ दिलंत, कपाट दिलंत, कोट देताय. आणि ही बरोबर नेणार?"

"जागा लागेल तेवढी खोदायची मजुरी वेगळी देते."

"खोदणाऱ्याचा प्रश्न नाही. पेटीला कडी नको म्हणता, उठायला अडचण नको म्हणून. आणि शेजारी कुलूप लावलेली ट्रंक ठेवणार. त्या दिवशी तिच्यावर बसून राहाल तुम्ही. सगळे पुढे जातील."

मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला आणि चहा न पिता आले. दुकानात बसून सातवं कलम खोडलं. त्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून तसंच ठेवून साक्षीदार शोधायला निघाले.

इथे नवीन घोटाळा निघाला. अर्ज लिहिणारे म्हणाले, दोन साक्षीदार हवेत, आणि साक्षीदाराला कागदातून काही मिळत नाही. सही केली की त्याचं कलम बाद.

"तुम्ही करा सही," मी म्हटलं.

"माझी छत्री जाईल ना." त्यांनी वर बघितलं.

"पाळकसाहेब?"

"कोट."

"डॉक्टर?"

"खडे दिलेत त्यांना. उगाच वाद नको." मग त्यांनी माझ्याच कागदावर बोट फिरवलं. "बाई, तुम्ही ओळखीच्या प्रत्येक माणसाला काही ना काही देऊन बसलात. ज्यांना काही दिलं नाही असं इथे लिहून ठेवलंय ते दोघंच. शिंपी आणि तुमची बहीण."

शिंपीभाऊ लगेच तयार झाले. त्यांच्या हातून धाकटीला चिठ्ठी पाठवली. लिहिलं, 'सोमवारी माझं ऑपरेशन आहे. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायला ये. तुला काही मिळणार नाही.' तिने चिठ्ठीच्या पाठीवर लिहून पाठवलं, 'काही मिळणार नसेल तर येते.'

आज शनिवारी दुपारी आली. कोपरापर्यंत पीठ. केस पिकलेत. दारात उभी राहून म्हणाली, "कुठे करायची सही?"

चौदा वर्षांत मी या वेळेसाठी बरीच वाक्यं तयार केली होती. तोंडातून निघालं, "आधी हात धू. कागदाला पीठ लागेल."

तिने हात धुतले. मग बाकावर बसून कागद पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. शिंपीभाऊ म्हणाले, "साक्षीदाराने आतलं वाचायचं नसतं. फक्त सही करताना बघायचं असतं."

"मी वाचल्याशिवाय पावाचं बिल पण देत नाही," ती म्हणाली आणि वाचत राहिली. दानपेटीशी तिचा ओठ हलला. सातव्या कलमाशी आली, खोडलेलं उजेडात धरून वाचलं.

"पुरणार होतीस?"

"पाळकसाहेब नको म्हणाले."

"मग आता कोणाला?"

"तुला देणार होते. पण तू सही केलीस तर कागदातून तुला मिळत नाही."

"आणि सही नाही केली तर?"

"तर कागदच अपुरा राहतो."

शिंपीभाऊंनी घसा साफ केला. "वहिनी, मग हातानेच देऊन टाका ना. जिवंत आहात तोवर चालतं ते."

"तुम्ही पायरीचं बघा," मी म्हटलं. पण उठले.

तिघं वर गेलो. ट्रंक पलंगाखालून ओढली, चादर काढली. धाकटीने गळ्यातली दोरी ओढून चावी काढली. म्हणजे तीही गळ्यातच घालून फिरत होती. ती खाली बसली, डाव्या हाताने कुलूप धरलं, चावी लावायला गेली, आणि कुलूप तिच्या हातात आलं.

कुलपाचा आकडा नुसता टेकवलेला होता. दाबलेलाच नव्हता. आईच्या हातात शेवटी जोर नव्हता, तिने लावलं असं तिला वाटलं. आणि मी, तीस वर्षांची कुलूपवाली, जिला भर उपदेशात दानपेटीचं कुलूप दिसतं, माझ्या स्वतःच्या पलंगाखाली चौदा वर्षं उघडं कुलूप ठेवून त्याच्यावर झोपले.

झाकण उघडलं तसा एक पतंग बाहेर उडाला. वर आईचं करडं घोंगडं होतं, कसरीने त्याची जाळी केलेली. खाली काचेच्या बरण्या, बहुतेक रिकाम्या, एकात एक बसतील अशा. एका बरणीत सुतळीचे तुकडे, गुंडाळून, लांबीप्रमाणे. दुसरीत बटणं. बस. धाकटीने घोंगडं उचललं, झटकलं, बरण्या एकेक काढल्या, तळाचा कागद उचलला, तळावरून हात फिरवला. मग परत फिरवला.

बांगड्या नव्हत्या.

मी उभीच होते. कुलूप उघडं, ट्रंक चौदा वर्षं माझ्या घरात, बांगड्या गायब. कोणीही सांगावं चोर कोण. शिंपीभाऊ खिडकीतून बाहेर बघायला लागले, बाहेर काहीही नसताना. माझ्या मनात आलं, घड्याळ दिलं ते सोपं होतं, कपाट सोपं होतं. आता ती जे म्हणेल ते ऐकायचं आणि उलट बोलायचं नाही. एवढं एकच सोडायचं राहिलं होतं, आपण खरे होतो हे तिने मानावं हा हट्ट. मी हात मोकळे सोडले आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदा कशासाठी तरी गप्प थांबले, हे पाळकसाहेबांना कळवायला हरकत नाही.

धाकटीने कुलूप उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "ताई, तू हे उघडलं नाहीस."

"नाही."

"मी विचारत नाहीये, सांगतेय. तू उघडलं असतंस तर बंद केलं असतंस. तुझ्या हातून कुलूप उघडं राहिलंय असं कधी झालंय? दानपेटीच्या दिवशी माझ्या बाकावरच्या सगळ्या बायका तोंड दाबून हसत होत्या. मी एकटी हसले नाही. मला लाज वाटत होती, तू माझी बहीण म्हणून."

"तुझं हसू मी नंतर ऐकलं होतं."

"ते नंतर. बाहेर आल्यावर."

मग ती हसायला लागली, आणि मीही. माझ्या पोटात खड्यांची कळ आली तरी हसत राहिले. शिंपीभाऊंना वाटलं आता सोमवारपर्यंत थांबायला नको, ते पाणी आणायला धावले.

पाणी पिऊन झाल्यावर धाकटी म्हणाली, "त्या दिवशी मी वाईट बोलले."

"हो."

"तू काही बोलणार नाहीस?"

"चौदा वर्षं बोलले नाही, ते त्याहून वाईट केलं."

"बांगड्या कुठे गेल्या असतील गं?"

मी म्हटलं, आईने देऊन टाकल्या असतील कोणाला तरी. ती चाळीस दिवस थांबणारी बाई नव्हती.

नंतर वाटणीवरून पुन्हा वाजलं. धाकटी म्हणाली, सुतळी तू घे. मी म्हटलं, मी वस्तू सोडतेय, मला नको. ती म्हणाली, तू सोडतेस तर मीच का घेऊ, मीही त्याच चर्चमध्ये जाते. शेवटी सुतळी आणि बटणं शिंपीभाऊंनी उचलली आणि म्हणाले, "वहिनी, खरं सांगू? आठ होत्या. एक मी मोडली." सहा वर्षांचा माझा महिन्याचा रिवाज असा एका वाक्यात संपला. आता महिन्याला त्यांना काय विचारायचं हा प्रश्न आहे. कलम सहा मात्र तसंच ठेवते, नाहीतर साक्षीदार जाईल.

सबब, कलम सात नव्याने असं: ट्रंक माझ्या जंगम मालमत्तेत नाही. ती मी जिवंतपणी, शुद्धीत, स्वतःच्या हाताने धाकटीला दिली. उंदरांपासून पीठ वाचवायला ती ठेवणार आहे. बरण्याही तिच्याच. घोंगडं फेकलं. चादर धुवायला टाकलीय.

कलम आठ. कुलूप आणि चावी धाकटी बाकावर ठेवून गेली. विसरली की ठेवली, ते मी विचारणार नाही. ती गेल्यावर कुलूप हातात घेतलं. जुनं आहे पण आतून स्वच्छ, जरा तेल दिलं की झालं. दाबायला अंगठा गेलाही होता. मग काढून घेतला, आणि तसंच, आकडा बाहेर ठेवून, बाकावरच्या पहिल्या खिळ्याला टांगलं. बसल्या जागेवरून दिसतं. दर दोन मिनिटांनी हात शिवशिवतो.

सूनबाई, सोमवारचं काहीही होवो, दुकान तुझं आहे आणि दुसरा नियम सगळ्या कुलपांना लागू आहे. त्या एकाला नाही. ते दाबायचं नाही.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं, खोडलं तिथे माझ्याच हाताने खोडलं. चुका असतील त्या चौथीपर्यंतच्या.

ठिकाण: दुकानाचं बाक.
तारीख: उपवासकाळाचा चौतिसावा दिवस, शनिवार. वाजले किती ते घड्याळ नसल्यामुळे लिहिता येत नाही.

सही: कुलूपवाली

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. मला या कागदातून काही मिळत नाही हे मला मान्य आहे. सुतळी हातात मिळाली, ती यात धरू नये.

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण, पाव भाजणारी. सही करण्यासाठी मी परत आले तेव्हा ताई शुद्धीवर होती आणि त्या उघड्या कुलपाकडे बघत बसली होती. मला या कागदातून काही मिळत नाही. सोमवारी दवाखान्यात तिच्याबरोबर मी जाणार आहे, असं तिला न विचारता इथे लिहिते.